कटिंगच्या ग्लासात मुंबईचा एक दिवस: माहिती देणारं भाषण कसं बांधावं, कसं करावं

जुलै महिना होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, रस्त्यावर पोटरीएवढं पाणी, आणि एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुंबईच्या पाणीपुरवठ्यावर बोलत होते. महापालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून नुकतीच निवृत्त झाले होते. बावीस पानं लिहून नेली होती. १८६० साली विहारचं पाणी शहरात आलं तिथपासून सुरुवात केली. मग तुळशी, तानसा, भांडुपचं शुद्धीकरण संकुल, तुरटी, क्लोरिन, जलवाहिन्यांचे व्यास, काही म्हणून सोडलं नाही. चाळीस मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ मिळालं.

जिना उतरताना एक बाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, खूप माहिती दिलीत हो. पण एक सांगा, एवढा पाऊस पडतोय, तरी आमचं पाणी दहा टक्के का कापलंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या भाषणात होतं. चौथ्या पानावर थोडं, अकराव्यावर थोडं आणि उरलेलं विसाव्या पानावर. त्यांनी चाळीस मिनिटं मन लावून ऐकलं होतं, आणि ज्यासाठी त्या पावसातून आल्या होत्या तेच त्यांच्या हाती लागलं नव्हतं. विक्रोळीला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, गणपतीचे मांडव, महापालिकेच्या शाळा असं बरंच फिरले. भाषण बांधायची माझी रीत त्या जिन्यावरच्या प्रश्नातून तयार झाली, ती इथे लिहिते. तुमचा विषय मधुमेह असेल, सोसायटीचे नियम असतील, नाहीतर बाजारातली मासळी असेल. रीत त्यालाही लागू पडते.

विषय बाजूला ठेवा, आधी प्रश्न शोधा

आयोजक विषय देतात. 'मुंबईचा पाणीपुरवठा', 'आहार आणि आरोग्य' असे ते विषय असतात. पत्रिकेवर छापायला ठीक, पण भाषण त्यावर बांधता येत नाही, कारण त्याला शेवटच नसतो. कितीही सांगितलं तरी काहीतरी राहतंच, आणि ते राहू नये म्हणून आपण भराभर बोलत सुटतो.

म्हणून मी आमंत्रण आलं की फोनवरच विचारते, "तुमच्याकडे लोक पाण्याबद्दल आपसात काय बोलतात?" सेक्रेटरींना हे पाठ असतं. प्रेशर नाही, पहाटे साडेचारला उठावं लागतं, चावीवाला (पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा पालिकेचा माणूस) उशिरा येतो, पाऊस असून कपात का. यातला एकच प्रश्न उचलायचा. जुलैत बोलायचं असेल तर माझा प्रश्न ठरलेला असतो: मुंबई तुंबलेली असताना पाणीकपात का?

प्रश्न ठरला की त्याचं उत्तर दोन वाक्यांत लिहून काढायचं. माझं असं आहे: 'मुंबईत पडणारा पाऊस आपल्या नळाला जवळजवळ येतच नाही, तो समुद्रात जातो. आपण पितो तो पाऊस शहापूर, इगतपुरीकडे पडतो, आणि तिथले तलाव भरायला वेळ लागतो.' बाकीचं सगळं भाषण ही दोन वाक्यं पटवून देण्यासाठी असतं. तुम्हाला दोन वाक्यांत लिहिता आलं नाही, तर अजून अभ्यास करा, बोलायची तारीख पुढे ढकला, पण तसंच उभं राहू नका. हे मी फार आग्रहाने सांगते, कारण समोरची माणसं आपली संध्याकाळ आपल्याला देत असतात.

माझी कसोटी साधी आहे. ऐकून गेलेला माणूस त्या रात्री जेवताना घरच्यांना हे सांगू शकेल का? त्याला सांगता आलं, तर भाषण पोचलं.

आकडे: गोळा करा, तपासा, मग बहुतेक बाजूला ठेवा

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. सातही काठोकाठ भरले की वापरण्याजोगा साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज पुरवलं जातं सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर. तलावांचा साठा महापालिका रोज जाहीर करते, पावसाळ्यात वर्तमानपत्रांतही तक्ता येतो. भाषणाच्या दिवशी सकाळी मी तो आकडा पुन्हा बघते आणि कार्डावर तारखेसकट लिहिते. मागच्या आठवड्याचा साठा आज सांगितला आणि समोर कुणी सकाळचा पेपर वाचून आलेला असला, तर पुढचं एकही वाक्य तो खरं मानणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

पण 'दशलक्ष लिटर' हा शब्द व्यासपीठावर उच्चारला की माणसांचे डोळे विझतात. पूर्वी मी टँकरचा हिशोब सांगायचे: रोजचं पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे ३ लाख ८५ हजार टँकर. लोक "बापरे" म्हणायचे. पण तीन लाख टँकर कुणी पाहिलेत? ते "बापरे" हॉलच्या दारातच गळून पडायचं.

मग एके दिवशी स्वयंपाकघरात बसून मी उलटा हिशोब केला. सगळ्यात मोठा तलाव भातसा, ७,१७,०३७ दशलक्ष लिटरचा. भातसा म्हणजे ऑफिसात असतो तो वीस लिटरचा पाण्याचा जार असं धरलं, तर बाकीचे केवढे? अप्पर वैतरणा सहा लिटर आणि वर थोडं. मध्य वैतरणा साधारण साडेपाच. तानसा चार. मोडक सागर साडेतीनच्या वर. विहार पाऊण लिटर, म्हणजे एक तांब्या. आणि तुळशी सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे पाणी प्यायचा एक पेला.

आणि मुंबईचा रोजचा खप? शंभर मिलिलिटरच्या जरासा वर. टपरीवरचा कटिंगचा ग्लास.

हे वहीत उतरलं तेव्हा मी एकटीच हसले, कारण माझं भाषण तयार झालं होतं. सात भांडी आणि एक कटिंगचा ग्लास. सगळी भांडी भरलेली असली तर असे साधारण ३७५ ग्लास निघतात, म्हणजे वर्ष जेमतेम सरतं. आणि त्यातली फक्त दोन भांडी, विहार आणि तुळशी, मुंबईच्या हद्दीत आहेत. तांब्या आणि पेला मिळून लिटरभर. एकूण चाळीस लिटरांतलं एक. दादरच्या हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचलं तरी ते या लिटरभरातही येत नाही, कारण या दोन्ही तलावांत उतरतो तो बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या डोंगरातला पाऊस. उरलेले एकोणचाळीस लिटर लांब ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांत भरायचे असतात.

तेव्हा तुमच्या विषयातही मोठा आकडा असेल तर तो समोरच्याच्या घरातल्या वस्तूत उतरवा. साखरेचे ग्रॅम सांगू नका, चमचे सांगा. चौरस फूट सांगू नका, किती दारं मावतील ते सांगा. आणि हिशोब दोनदा करा. सोप्या उपमेतली चूक आकड्यातल्या चुकीपेक्षा जास्त टिकते.

जे उरलं ते फेकायचं नाही. विहारची योजना हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरची, मोडक सागराला अभियंते मोडक यांचं नाव आहे, हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली पाण्याचा जलाशय आहे, हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. तरी भाषणात त्यातलं काही नसतं. ते वेगळ्या कार्डावर, प्रश्नोत्तरांसाठी. आवडलेली माहिती गाळताना जीव तुटतो, पण ती ठेवली की ऐकणारा मूळ प्रश्न विसरतो.

दाखवायची वस्तू शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे

भांड्यांच्या आधी मी परीक्षानळी न्यायचे. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पाणी पिवळसर होतं. आम्ही त्याला ओटी टेस्ट म्हणतो, आयुष्यभर केलेली. पहिल्या रांगेतल्या आजोबांना रंग दिसायचा. तिसऱ्या रांगेत माना उंचावायच्या, मागे गप्पा सुरू व्हायच्या. शेवटी ते बंद केलं.

आताची व्यवस्था अशी: वीस लिटरचा जार हॉलवर असतोच, तो आधी सांगून ठेवायचा. बाकी पारदर्शक बरण्या, एकात एक बसतील अशा, पिशवीत घालून लोकलने नेता येतात. प्रत्येकीवर मार्करने पाण्याची रेघ आणि तलावाचं नाव मोठ्या अक्षरात. पाणी तिथेच भरायचं, कारण चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. पाण्यात कपड्याच्या निळीचे दोन-दोन थेंब. साधं पाणी लांबून दिसत नाही, निळं दिसतं. हे मला एका शाळेतल्या शिपाईमामांनी सुचवलं. कार्यक्रम संपल्यावर ते पाणी झाडांनाही घालायचं नाही, धुवायच्या कामाला वापरायचं, आणि जारवाल्याला आधीच सांगायचं की जार चांगला विसळून देऊ.

प्रोजेक्टर मी वापरत नाही. ज्यांना जमतं त्यांनी वापरावा. पण चाळीच्या पटांगणात संध्याकाळी सहाला ऊन पडद्यावर असतं, आणि लॅपटॉपची वायर कुणाकडे नसते.

लिहायचं कसं, सराव कसा

पूर्ण भाषण लिहायचं एकदा, मग ते कपाटात ठेवायचं. व्यासपीठावर फक्त पाच कार्डं, प्रत्येकावर चार-पाच शब्द, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन मात्र शब्दशः पाठ. घाबरल्यावर तीच हात देतात.

मी घड्याळ लावून मोजलंय, मिनिटाला मी साधारण ११० शब्द बोलते. तुम्ही तुमचं मोजा. पंधरा मिनिटांत किती मावतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, आणि नेहमी एकाच बाजूला चुकतो.

आता वेळेबद्दल, कारण आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. पत्रिकेवर अर्धा तास लिहिलेला असतो. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, नगरसेवक येईपर्यंत थांबणं. सूत्रसंचालक कानाशी येऊन म्हणतो, "ताई, पंधरा मिनिटांत आवरता येईल का?" अशा वेळी अर्ध्या तासाचं भाषण भराभर म्हणायला गेलात तर संपलंच. मी तीन मापांचं भाषण तयार ठेवते. अर्ध्या तासाचं, पंधरा मिनिटांचं आणि सात मिनिटांचं. सात मिनिटांच्या भाषणात फक्त तीन भांडी असतात: जार, पेला आणि कटिंगचा ग्लास. कार्डांच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका असतो. लाल ठिपक्याची कार्डं बाजूला काढली की भाषण छोटं होतं. ही तयारी असली की मनाला फार शांतता असते.

सराव आरशासमोर करू नका. आरसा प्रश्न विचारत नाही. मी सुनेला सांगते, तेही ती भाजी निवडत असताना. मेथीवरचे तिचे हात थांबले की ते वाक्य ठेवायचं. ती नुसतं "हं, हं" करत राहिली की तिथे कात्री. एकदा मी 'पाणलोट क्षेत्र' म्हणाले आणि ती म्हणाली, "आई, म्हणजे?" तेव्हापासून मी म्हणते, 'ज्या डोंगरउतारावरचं पाणी घरंगळत तलावात येतं तो सगळा भाग'. शब्द लांबला खरा, पण कुणी अडत नाही. लोक व्हॉल्व्ह म्हणतात, प्रेशर म्हणतात, चावीवाला म्हणतात. तिथे 'झडप' आणि 'दाब' आणून मराठी शुद्ध होते असं मला वाटत नाही, उलट आपण आणि ते यांच्यात एक टेबल येतं.

उभं राहिल्यावर

अर्धा तास आधी पोचा. माईकवाल्याशी ओळख करून घ्या, त्याचं नाव विचारा. माईक हनुवटीखाली, चार बोटांवर धरा. थेट तोंडासमोर धरला की श्वासाचे फटके बसतात. पत्र्याचा मांडव असेल आणि पावसाची सर आली तर बोलणं थांबवा. पावसावर आवाज चढवून कुणी जिंकत नाही. सर ओसरेपर्यंत मी भांड्यांकडे बोट दाखवून हसते, लोकही हसतात. पंखा अगदी डोक्यावर असेल तर तेवढा एक बंद करायला सांगा.

'आदरणीय व्यासपीठ' ची लांबलचक यादी मी म्हणत नाही. सगळ्यांना एक नमस्कार आणि लगेच प्रश्न: "आज सकाळी तुमच्याकडे पाणी किती वाजता आलं?" हॉलमधून आवाज येतात. साडेचार. सहा. आमच्याकडे आलंच नाही. अर्ध्या मिनिटात लोक श्रोते राहत नाहीत, बोलायला लागतात. मग मी म्हणते, "बाहेर एवढा पाऊस आहे आणि नळाला पाणी कमी आहे. असं का, ते या बरण्यांत आहे."

हात थरथरत असतील तर हाताला काम द्या. मी पहिल्या मिनिटाला जार सरळ करते, बरणी उचलते. वस्तू धरली की थरथर निम्मी होते. नजर मात्र मागच्या रांगेतल्या एका माणसावर ठेवायची. त्याला ऐकू गेलं, तर सगळ्यांना गेलं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, थांबणं. मी कटिंगचा ग्लास जारात बुडवते, वर काढते आणि म्हणते, "हा आपला आजचा दिवस. दीड कोटींच्या आसपास माणसांचा." मग तीन सेकंद काही बोलत नाही. नवख्याला ही तीन सेकंदं तीन मिनिटांसारखी वाटतात आणि तो घाईने पुढचं वाक्य त्यावर टाकतो. टाकू नका. लोक त्या ग्लासाकडे बघत असतात, मनात हिशोब करत असतात. त्यांना करू द्या. त्यानंतर पेला उचलायचा: "आणि हा अख्खा तुळशी तलाव. दोन दिवसांत संपेल." मागून हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढाच?" त्या "एवढाच?" साठी मी विक्रोळीहून बरण्या घेऊन येते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न विचारला की तो आधी माईकवर पुन्हा म्हणायचा, कारण मागे ऐकू गेलेला नसतो आणि आपल्यालाही विचार करायला दोन क्षण मिळतात. पवई तलावाचं पाणी आपण पितो का, हे प्रत्येक ठिकाणी विचारतात. नाही, तो तलाव १८९१ चा, पण त्याचं पाणी पिण्यालायक नाही, उद्योगांना जातं. अशी ठरलेली पाच-सहा उत्तरं खिशातल्या कार्डावर असावीत. कुणी आपल्या गल्लीची तक्रार घेऊन उठलं तर त्यांना अडवू नका, पण तिथे न्यायनिवाडाही करू नका. मी पालिकेचा १९१६ हा क्रमांक सांगते आणि कार्यक्रमानंतर भेटा म्हणते. भेटतातही, आणि तेव्हा मी खरंच बसून ऐकते.

माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. दोन शब्द, सरळ आवाजात, पुढे सारवासारव नको. मग प्रश्न वहीत लिहा, विचारणाऱ्याच्या देखत. माझ्याकडे अशी एक वही आहे, प्रत्येक कार्यक्रमाची तारीख घातलेली. पुढच्या भाषणाची तयारी त्या वहीतूनच सुरू होते.

मागच्या वर्षी एका महिला मंडळात कटिंगचा ग्लास दाखवून झाला, टाळ्या झाल्या, आणि तिसऱ्या रांगेतून एक तरुण मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तो मोठा जार आमच्याच शेजारी आहे. मग मे महिन्यात आमच्या पाड्यावर टँकर का येतो?"

हॉल गप्प झाला. मी म्हटलं, "याचं पूर्ण उत्तर आज माझ्याकडे नाही." वहीत लिहून घेतलं. तिने ते पाहिलं आणि खाली बसली. नंतर मी त्यावर वाचलं, जुन्या सहकाऱ्यांशी बोलले, तिच्याशीही फोनवर दोनदा बोलणं झालं. तलाव खोऱ्यात, पाडे वर डोंगरावर, आणि जलवाहिन्या थेट शहराकडे. अर्ध्या तासाच्या भाषणात आता यासाठी चार मिनिटं आहेत, त्यासाठी भांडुपच्या शुद्धीकरणाचा भाग काढून टाकला. आणि वीस लिटरच्या जारवर पूर्वी मी नुसतं 'भातसा' लिहायचे. आता त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'ता. शहापूर' लिहिते.